टेलिफोनवरच्या सोनुन एजे

तर मला आधी हे सांगा, गेलेल्या बाईंच्या शिकवणीला अजून रोज तेवीस मुलं हजर, हे फॉर्मच्या कुठल्या रकान्यात भरायचं? बिश्केकच्या ऑफिसातली मॅडम फोनवर मधासारखं बोलते, “तोलोगोन, शिक्षक ‘कार्यरत’ की ‘अनुपलब्ध’, एवढंच निवडा ना.” एवढंच! अहो, तेच तर मला ठरवता येत नाहीये.

तुम्हाला सांगतो, आमचं काम साधं होतं. शाळा सुटली की अभ्यासात कच्ची मुलं गावच्या वाचनालयात यायची, मी, पोरांचा बाइके, म्हणजे दादा, शेगडी पेटवायचो आणि सोनुन एजे, म्हणजे सोनुनताई, गणित शिकवायच्या. अडुसष्ट वर्षांच्या, निवृत्त, अख्खं गाव त्यांच्याच हाताखालून गेलेलं, मीसुद्धा... म्हणजे शिकलो कमी, मार जास्त खाल्ला. मग ती साथ आली, सगळ्याला कुलपं लागली, आणि वरून हुकूम, कार्यक्रम ऑनलाइन करा. कशावर करू? मुलं आईबापांच्या मेंढ्यांमागे वरच्या कुरणावर, तंबूत राहणारी, तिथे विजेचा पत्ता नाही! शेवटी एजेच म्हणाल्या, टेलिफोन आहे ना? झालं, वाचनालयातल्या जुन्या कॉम्प्युटरला नंबर जोडला. मुलानं फोन लावायचा, एजेंचा पाठ वाजणार, मुलाचं उत्तर त्यात साठणार. चाळीस पाठ बोलल्या. प्रश्न विचारायच्या, आणि मग एजे थांबायच्या... इतक्या थांबायच्या की मी म्हटलं, ही शांतता कापून टाकतो. तर म्हणाल्या, “मूल विचार करत असताना गप्प बसावं. सात आठे किती हे तुला यायला अख्खा हिवाळा लागला, बसलेच ना मी गप्प?” मग मी शांतता तशीच ठेवली.

एकतिसाव्या पाठात खोकला आहे. पुन्हा घेऊ म्हटलं, तर राहू दे म्हणाल्या. उरलेले नऊ त्याच दमात संपवले, घरी गेल्या, आणि बाराव्या दिवशी... जुलै महिना होता. पुरायला आम्ही सहा माणसं, तोंडाला फडकी बांधून.

आता मुलांना कसं सांगायचं? मी आपला फोन उचलला, तर आमचे जापार आजोबा, गावातले सगळ्यांत वडीलधारे, त्यांनी काठीच उगारली, “मरणाची बातमी फोनवर? तू काय हवामान सांगतोयस?” खरंच होतं ते. आमच्यात माणसाला चारचौघांत बसवतात, म्हातारा आडून आडून सुरू करतो, नद्या आटतात, डोंगर झिजतात... बाजूच्यानं खांदा धरलेला असतो, आणि मग कुठे नाव निघतं. तोवर त्या माणसापुरता गेलेला जिवंतच. आणि कुरणाच्या रस्त्यावर पोलीस बसलेले, सप्टेंबरपर्यंत वर जाणं बंद!

म्हणजे पाठ चालूच. रोज दुपारी मी आतून कडी लावून एकटा उत्तरं ऐकायचो. “सात आठे किती?” आणि मग एजे थांबायच्या. मागे नुसता वारा. मग गुल्जीना, दहा वर्षांची पोर, नेटवर्कसाठी घोड्यावर उभी राहून ओरडणार, “छप्पन्न, एजे! आमची घोडी व्याली!” आणि एजे नेमक्या वेळेला, “छान.” अंगावर काटा यायचा हो! भर दुपारी दिवा लावून बसायला लागलो. वर पाठ संपत आलेले, छत्तीस, सदतीस... चाळिसाव्यानंतर या पोरीला कुणाचा आवाज ऐकवू? त्याआधी सांगणं भागच होतं.

एकोणचाळिसाव्याला मेंढपाळ खाली उतरले, नशीब. गुल्जीनाच्या घरी सगळी पोरं गोळा केली. पाव मोडला, चहा झाला, जापार आजोबांनी घसा खाकरला, “मुलांनो, नद्या आटतात...”

“आजोबा, आम्हाला माहीत आहे,” गुल्जीना म्हणाली. “मीठ घेऊन चोरवाटेनं आलेल्या स्वारानं जुलैतच सांगितलं.”

मी उडालोच. म्हटलं, मग रोज उत्तरं कुणाला देत होतीस गं?

“तुम्हाला, बाइके. तुम्ही एकटेच ऐकता ना. तुम्हाला कुणी बसवून सांगितलंय की नाही, ते आम्हाला ठाऊक नव्हतं.”

तेवीस पोरं! दोन महिने! मला सांभाळत होती! आणि खरंच, मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी एजेंच्या दारात उभा होतो, दिसलं ते पाहिलं, आणि फावडं आणायला गेलो. जापार आजोबा माझ्याकडे वळले, सरकून जवळ बसले. पोरीनं माझा खांदा धरला. “तोलोगोन,” आजोबा म्हणाले, “डोंगर झिजतात रे...” आणि मी, सेहेचाळीस वर्षांचा घोडा, लेकरांसमोर ओक्साबोक्शी रडलो.

आता मॅडम म्हणते, नंबर बंद करा, निधी संपला. आज तेवढ्यासाठीच बसलोय. चाळिसावा पाठ लावला शेवटचा म्हणून, तर त्याची शेपटी कापायची राहून गेलेली! हिशेब संपतो, वही मिटल्याचा आवाज येतो, आणि एजे म्हणतात, “झालं. तोलोगोन, बंद कर ते आता.” आणि मग एजे थांबतात.

सकाळपासून बटणावर बोट ठेवून बसलोय. काय करू सांगा... एकदा सांगितलेलं मी वर्गात तरी कधी ऐकलं होतं!