तोंडापुढचं मासिक

ओहायोतल्या कानाच्या दवाखान्यात लोर्ना आपला नंबर यायची वाट बघत होती. समोर अमेरिकन फुटबॉलचे म्हातारे कोच एमेट स्टोल्झ आणि त्यांचा मुलगा, गावच्या टीमचा आताचा मॅनेजर रॉस, तोंडापुढे मासिकं धरून बोलत होते. पलीकडच्या टीमला ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तोंड झाकायची, ही मैदानावरची सवय. आवाज मात्र अख्ख्या खोलीत घुमत होता.

"नवा कोच ठरला का रे?"

"हळू, बाबा! आपली जोआन."

"कोण जॉन?"

"जॉन नाही, जोआन! तुमची पोरगी!"

"लोक म्हणतील, भावानं बहिणीची सोय लावली."

"मी मतच दिलं नाही. बाहेर जाऊन बसलो. समितीतल्या बाकी पाचही जणांनी तिलाच निवडलं."

"आणि हरली तर? हरलो म्हणून तीन गावांनी कोचपदावरून हाकललंय मला."

"माहितीये तिला. तरी यायचंय तिला. पण अडून बसलीय. बाबा हो म्हणाले तरच येणार म्हणते."

"सहा वर्षांची असताना माझ्या मांडीवर बसून मॅचच्या फिल्म बघायची. म्हणायची, बाबा, त्यांचा तो डावीकडचा गडी पळणार असला की चेंडू सुटायच्या आधी टाच उचलतो. मी हसायचो."

"आणि खरंच उचलायचा?"

"दर वेळी! पोरीचं ऐकलं असतं, तर एखादं गाव तरी टिकलं असतं."

"मग काय कळवू?"

"कळव, बाबा हो म्हणाले."

"बाबा, मासिक खाली आलंय. सगळे बघतायत."

"मीच ठेवलंय खाली. वाचू देत."