निरोपावर बसलेला

—नाही न बसला कोणाचा विश्वास! फोन आला होता, मॅडम, ह्यांनी उचलला तेव्हा बाजूले उभी राहून या कानानं ऐकलं मी — ‘रीना’, ‘लॅब’, ‘सोमवार तक’ — अन् हे म्हणे, राँग नंबर. पोट्टीले सांगतलं, तर तीही बापाकडूनच — आई, तू चौथी शिकलेली, तुले फोनवरची हिंदी कुठं कळते! आता लॅबच्या मॅडम तुम्हीच दारात उभ्या, तर मी खोटी का? — नाही, आत नाही येता येणार. कुलूप बाहेरून आहे ना. चाबी गेली ह्यांच्यासंगं उरल्याच्या कारखान्यात, ड्यूटीवर. आपल्या गुढियारी मोहल्ल्यात चोऱ्या वाढल्या म्हणते. जाळीतूनच बोला — हिंदीत बोला, चालते, माही पोट्टीही मले हिंदीतच उत्तर देते. — तुम्ही किती वेळा फोन लावला? अहो, तार काढून ठेवली रीनाच्या बापानं. बिघडला म्हणे.

रीना? आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली. ‘मॅडमनं मले लॅबमध्ये घेतलं नाही’, बस एवढंच म्हणते. अन् आज तर शेवटला दिवस, सोमवार! काय हसून सांगे मले तुमचं ते, पोळ्या लाटता लाटता — पेशीतला जीन निरोप धाडते, अमुक प्रोटीन बनवा. निरोप पोचते पण. तेवढ्यात मायक्रो-आरएनए म्हणून एक इवलासा तुकडा येते अन् चिकटून बसते त्यावर — मग ट्रान्सलेशनच होत नाही. मी म्हटलं, हिंदीतून मराठी का? लोळली हसून. तसं नाही आई, म्हणे, निरोप असते, बनत काहीच नाही. मी म्हटलं, कोण मेलं बाहेरून येऊन बसते? तर म्हणे, बाहेरचं नाही, त्याच पेशीत जन्मलेलं. अन् गरजेचंही असते म्हणे, नाहीतर पेशी बेभान वाढते. — तिचा बाप हेच म्हणते न! आवर पाहिजे पोट्टीले. कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही — काहून चढवीन तो? नुसता बसला की झालं. माह्यावर नाही का बसला वीस-बावीस वर्षं! मले नर्सबाईच्या हाताखाली काम मिळत होतं, तेव्हाही म्हणे — तुले कोणी विचारायलेच आलं नाही...

जाऊ द्या ते. तो दगड उचला, मॅडम. भिऊ नका, कुलूप जुनं आहे. — रीना! ऊठ! मॅडम आल्या तुह्या, स्वतः चालून. फोन आला होता! कोणी दाबला विचारते? उखाण्याशिवाय नाव नाही घेतलं मी कधी तुह्या बापाचं. आज घेते, ऐक —

देवीदास.