बापाचा कोट, लेकीचं ताट

शिंप्याच्या दुकानात माझ्यापुढे एक नवरीमुलगी आणि तिचे वडील उभे होते.

"बाबा, बटण लागत नाहीये."

"कोट आटला असेल."

"नवाकोरा कोट आटतो?"

"मग तूच सांग. लग्नाआधी रोज कोणाकडे तरी जेवायला बोलावणं, आणि तू काकडी चघळत बसणार. तुझं भरलेलं ताट कोण संपवत होतं?"

"नको म्हणायचं ना!"

"आणि आत्या रुसली असती म्हणजे?"

"डॉक्टरांनी तुमचं गोड बंद केलंय!"

"माझं बंदच आहे. मी खाल्लं ते तुझ्या वाटचं."

"बरं, आज काकांकडे माझं मी खाईन. तुम्ही काकडी खा."

"छे! ऐन लग्नात तुला ड्रेस घट्ट व्हायचा. मास्तर, कोट अजून थोडा सैल करा."