मुदतीतला तुकडा

भाची : हा लॅपटॉप बंद पडत नाहीये आत्या, स्वतःहून बंद होतोय. दोन्हींत फरक आहे.

आत्या : फरक राहू दे, कारण सांग. चार दिवस झाले, हातातला तुकडा पुरा होत नाही. नव्वद टक्क्यांवर आला की पडदा काळा. परत सुरू करावा तर गाडी आपली चाळिसावर.

भाची : खालून हात लावून बघ. इस्त्री झालीये.

आत्या : तीस वर्षं कपडे शिवलेत मी. इस्त्री कशाला म्हणतात ते मला सांगू नकोस.

भाची : ठेवतेस कुठे चालवताना?

आत्या : उशीवर. टेबलावर ठेवला की इतका घरघरतो, की शेजारीण भिंत ठोकते.

भाची : मग तूच त्याचं नाक दाबून धरतेस. हवा आत जायची फट खालीच असते. आणि एकदम चार तुकडे का लावलेस? दम किती, ओझं किती.

आत्या : मुदत असते ना. संशोधकांकडे हिशेबाचा भलामोठा तागा आहे. त्याचे तुकडे करून ते जगभर घरोघरी वाटतात. ज्याचं यंत्र रिकामं असेल त्यानं आपला तुकडा करायचा आणि परत पाठवायचा. वेळेत नाही गेला तर तो दुसऱ्याला देतात. गेल्या महिन्यात माझे सहा गेले असे. एवढी वर्षं दुकान चालवलं, माझ्याकडचं एक कापड कधी दुसऱ्या शिंप्याकडे गेलं नव्हतं.

भाची : आत्या, खरं सांगू का? मी आज दुरुस्तीला आलेच नाहीये. या पिशवीत नवा लॅपटॉप आहे. हा तुला द्यायचा आणि जुना घेऊन यायचा, असं बाबांनी बजावलंय. खाली गाडीत बसलेत ते.

आत्या : वर का नाही आला?

भाची : तू वाद घालशील म्हणाले. सारखं तापणारं यंत्र, घरात तू एकटी. काही पेटलं-बिटलं तर, अशी काळजी वाटते त्यांना.

आत्या : कात्री नेली तेव्हाही काळजीच होती. मग शिलाई मशीन नेलं. मग गॅस नेला आणि ती विजेची शेगडी आणून ठेवली. माझं भलं करता करता दादानं माझं घर धुऊन नेलं. हात थरथरतात माझे, डोकं नाही.

भाची : पण हा नवा तीन दिवसांचं काम दोन तासांत करेल.

आत्या : मला एक बटण लावायला दहा मिनिटं लागतात. म्हणजे मलाही बदलून आणा. नवा ठेव, त्यालाही कामाला लावू. पण हा या घरातून जाणार नाही.

भाची : एक विचारू? रागावणार नाहीस ना? हे जे संशोधन चाललंय, त्याचा तुझ्या हातांना काही उपयोग होईल असं म्हणालंय का कुणी?

आत्या : कुणीही नाही. कंपवाताला औषध निघेल तेव्हा निघेल, तेव्हा मी नसेन. मी काही मागायला बसलेले नाही गं. त्यानं माझे हात घेतले, माझं दुकान घेतलं. आता मीही त्याच्या मुळावर उठलेय. तीन दिवसांत एक तुकडा, तर एक तुकडा. मुकाट्यानं बसणारी नाही मी.

भाची : बारीक स्क्रूड्रायव्हर आहे माझ्याकडे. जुनं वर्तमानपत्र दे खाली पसरायला.

(थोड्या वेळानं दार वाजतं. आत्याचा थोरला भाऊ आत येतो.)

दादा : दहा मिनिटांत येते म्हणालीस, पाऊण तास झाला. आणि हे काय, उघडून बसलीस?

भाची : पंख्यावर धुळीची गादी बसलीये, बाबा. ती काढायची, आतला उष्णता ओढून घेणारा लेप वाळलाय तो बदलायचा, एका वेळी एकच तुकडा लावायचा. मग नीट चालेल. बॅटरी फुगलेली नाही, पेटायचं कारण नाही.

दादा : मी तुला काय सांगून पाठवलं होतं?

आत्या : तिला नको बोलूस. आलाच आहेस तर टॉर्च धर. माझ्यानं धरवत नाही.

दादा : धरतो. पण म्हणजे मला हे पटलंय असं समजू नकोस.

भाची : जरा आतल्या कोपऱ्यात मारा. हां. बाबा, उजेड हलतोय.

दादा : बॅटरी उतरली असेल.

आत्या : बॅटरी उतरली की उजेड मंद होतो, दादा. हलत नाही.

भाची : बाबा?

दादा : तू तुझं काम कर.

आत्या : कधीपासून?

दादा : सहा-सात महिने झाले असतील. तुला कधी कळलं?

आत्या : बँकेच्या कागदावर तू सही केलीस, तेव्हा. डाव्या हातानं मनगट दाबून धरलं होतंस. आपली आईही शेवटी तशीच धरायची. वाटलं, सांगशील आपणहून.

भाची : आईला माहीत आहे हे?

दादा : नाही. डॉक्टरकडेही गेलेलो नाही. इथे आलो की तुझ्या आत्याचे हात दिसायचे. ती कात्री घेऊन बसलेली मला बघवायची नाही.

आत्या : म्हणून कात्री नेलीस.

दादा : हो.

आत्या : ती परत आणून दे. आणि उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं. मी येते बरोबर.

दादा : बघू.

आत्या : बघू नाही. दहाला तयार राहा.

भाची : झाकण लावते. टॉर्च ठेवा आता, बाबा. हं, झाला सुरू. आवाज ऐका, घरघर गेली. आत्या, आता उशी नाही, टेबलच. तुकडा पुढे सरकतोय बघ.

आत्या : मुदत कधीपर्यंत आहे?

भाची : गुरुवार. होईल.

दादा : माझा ऑफिसातला जुना लॅपटॉप कपाटात नुसता पडलाय. त्याच्यावर चालेल का गं हे?