डब्याचा नंबर शेवटचा

नाही नाही, ते रॉकेट बंद कर आधी — अरे केवढा आवाज, शेजारी पाचवीचा वर्ग चालू आहे — हां, आता बरं वाटलं. चहा घे, गार होतोय. अरे-तुरे केलं तर चालेल ना, रूपेश? माझा मुलगा तुझ्याएवढाच आहे. तर मला कळलं ते असं — बाईंनी प्रश्न लावायचा, पोरांनी टॅबवर उत्तर दाबायचं, पहिला येईल त्याचं रॉकेट उडणार. छान आहे. खरंच छान आहे. पण शेवटचा येईल त्याचं काय उडणार? हसू नकोस, खरंच विचारतेय. आमच्या कमळाकर सरांनी, म्हणजे हेडसरांनी, तीन अ‍ॅपं माझ्या गळ्यात मारलीयत — किशोरीबाई, संध्याकाळपर्यंत एक निवडा, मग अख्ख्या शाळेला तेच. पहिल्यात एक चाक फिरतं, ज्याचं नाव येईल त्याने उत्तर द्यायचं. पोरं खूश, पण धडा राहिला बाजूला, सगळे चाकाकडे. दुसऱ्यात एक पोपट आहे, उत्तर चुकलं की मान हलवतो. अरे, मान हलवायला मी बसलेय ना इथे, पगार घेते त्याचा! — थांब, विमान जाऊ दे. विमानतळ झाल्यापासून हे एक नवीनच, वाक्य अर्धं तोंडात धरून बसायचं. हां, गेलं. तिसरं तुझं.

मला एवढंच सांग — टोपणनावाने खेळता येतं का? येतं. बरं. आणि समजा, बाहेरचं कोणी आपल्या फोनवरून मधेच घुसलं तर ते कोण आहे हे दिसतं का? — असंच विचारतेय रे, सुरक्षा नको का बघायला? — काय म्हणालास? खऱ्या नावानिशी निकाल, थेट पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर? पहिल्यापासून शेवटपर्यंत? अरे देवा. नको रे बाबा. आत्ता आम्ही फुकटातलं वापरतो ना, त्यात पोरं हवं ते नाव घेतात. निनाद म्हणजे 'शास्त्रज्ञ', दर शुक्रवारी पहिला, आता त्याचा त्यालाच कंटाळा आलाय. निकेश यंदाच उरणहून आलाय, वाचायला त्याला वेळ लागतो, तो 'बोंबील'. भामा 'खेकडी'. आणि एक आहे 'डबा'. डबा कायम शेवटचा. सरांनी निकाल बघितला, म्हणाले, या डब्याला जादा तासाला बसवा. बसवते म्हटलं. पुढच्या आठवड्यात म्हणतात, त्याच्या आईवडिलांना बोलवा. आता कुठून आणू, वारले की दोघं — म्हणजे — लांब राहतात ते. फार लांब.

असा बघू नकोस माझ्याकडे. आज वार कोणता रे? शुक्रवार? अगंबाई! — सातवीवर माझ्याऐवजी प्राजक्ताबाईंना पाठवलं मी, आणि आजची प्रश्नमंजुषा घेऊ नका हे सांगायचंच राहिलं — माझा फोन कुठाय? त्या पिशवीखाली बघ, तुझ्याच बाजूला, अरे उचल, उचल लवकर! — हां — आता खेळात शिरायला आकडा लागतो, आणि आकडा असतो फळ्यावर, आणि फळा दुसऱ्या मजल्यावर, आणि माझे गुडघे हे असे. नाही जमायचं. घंटा होईलच आता.

बघ, तुला कळलंच आहे तर सांगते. डबा मी आहे. ड्रॉवरमध्ये फोन ठेवते, डस्टरच्या आड, आणि खेळते. सोपं वाटतं काय तुला? अंदाजाने दाबत गेलं तर चारांतलं एखादं लागतंच. सगळीच्या सगळी चुकवायची तर आधी बरोबर कुठलं ते माहीत हवं, आणि वर घड्याळ पळत असतं. एवढी बी.एड. झालेली बाई मी, तरी घाईत एक-दोन बरोबर येतातच माझी! का करते म्हणजे? अरे, त्या भामासाठी. आपटा गावाकडच्या वाडीवरून एसटीने येते ती. वर्गात बोलायला म्हणशील तर कोणाला ऐकत नाही, सरांची नक्कल अशी करते की सर स्वतः हसले होते. पण पहिल्याच शुक्रवारी तिचं नाव सगळ्यांच्या खाली आलं, भिंतीवर, हे एवढ्या मोठ्या अक्षरांत, आणि वर ती वाजंत्री. सोमवारी बाक रिकामा. मंगळवारी रिकामा. वाडीवर गेले तर ही आईबरोबर वीटभट्टीवर निघालेली, कपडे बांधून तयार. मला म्हणते, बाई, शेवटचं यायला एवढ्या लांब कशाला येऊ? — मी बोलून बसले, पुढच्या वेळी तू शेवटची नसशील, चल. आली बिचारी. मग डबा काढायलाच लागला ना मला. आणि आज डबा नाही वर्गात. आता ती सोमवारी येते की आईबरोबर जाते — मला भीती वाटतेय रे, खरंच सांगते.

झाली घंटा. — कोण आहे? ये ना आत. भामा! टॅब आणलेस होय, ठेव कपाटात, हळू. — इकडे बघ जरा. हसतेयस का तू? काय झालं वर? घेतली प्रश्नमंजुषा? हं. आणि शेवटचं — शेवटचं कोण आलं गं? — डबा? अगं, डबा कसा येईल, डबा तर इथे — काय? परत बोल. 'तुमी हितं चा पीत बसलाव, मंग डबा कोन होनार? निकेश गेला असता ना खाली' — अगं पण — तुला कधीपासून माहीत? पहिल्यापासून? — ड्रॉवर थरथरतो. असं होय. थरथरतो खरा. आणि मग तुझी खेकडी? — खेकडी आज गैरहजर. बरं. बरं बाई.

आण तो टॅब, बघू. किती आलं डब्याला? — शून्य? अपूर्णांकांचा अख्खा धडा, आणि एकसुद्धा बरोबर नाही? एकसुद्धा? — भामा, हा प्रश्न बघ. याचं बरोबर उत्तर कुठलं होतं गं? — हं, बरोबर. — आणि याचं? — हं. — आणि हा शेवटचा, हा तर निनादचापण चुकलाय, याचं —

रूपेश, ऊठ. नाही, सरांना काय सांगायचं ते मी सांगेन. आणि ते रॉकेट ने बरोबर. — अरे ऊठ ना, ती खुर्ची हवीय मला. भामा, बस इथे.