यात घाबरण्यासारखं काय आहे?

नाही, मला सांगा, निवांत बसण्याचं कुणी वेळापत्रक करतं का? आमच्या भावजींनी केलं. रंगीत पेनांनी, पट्टीने रेघा मारून, आणि वर भिंतीला चिकटवलं. भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, गाडी शिकवायचा क्लास चालवतात, दिवसभर शेजारच्या सीटवर बसून नवशिक्यांना एकच वाक्य ऐकवतात. समोरून ट्रक येतोय, शिकणाऱ्या काकूंनी स्टिअरिंग सोडून डोळे झाकलेत, आणि हे आपले शांतपणे स्वतःच्या पायाखालचा ब्रेक दाबून म्हणतात, 'काकू, यात घाबरण्यासारखं काय आहे?' गाडीत ते चालतं हो. शिकवण्याच्या गाडीला दुसरा ब्रेक असतो. पण घरी?

घरी त्यांची बिट्टी. माझी भाची. पंधरा वर्षांची, बापाच्या खांद्याला लागलेली, आणि सहामाही झाल्यापासून रोज सकाळी मोजे चढवता चढवता पोट धरून खाली बसणारी. आधी वाटलं, खाण्यात काहीतरी आलं. मग रक्त तपासलं, मग सोनोग्राफी, मग आणखी कसल्या कसल्या नळ्या... सगळं नॉर्मल. रिपोर्ट हलवत भावजी दारातूनच म्हणाले, 'बघ, काही निघालं नाही, यात घाबरण्यासारखं काय आहे?' आणि तुम्हाला सांगतो, पोरीचं तोंड असं उतरलं, की वाटलं, काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं तिला. निदान नाव तरी मिळालं असतं. मी तिची बोटं बघितली. नखांच्या कडेची कातडी सोलून सोलून लाल झालेली. मी बघतोय म्हटल्यावर तिने हात ओढणीत घेतले.

मग सल्ले सुरू. वरच्या मजल्यावरच्या बँकेतल्या बाई म्हणाल्या, 'आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.' आत्याने फोनवरून निकाल दिला, 'मोबाइल काढून घ्या.' ताई म्हणायची, 'अगं, मार्कांवरून आम्ही कधी एका शब्दाने बोललो का तुला? बोललो का? सांग ना, बोललो का?' दिवसातून इतक्यांदा, की त्यापेक्षा एकदा बोलून मोकळी झाली असती तर परवडलं असतं. आणि मी? मी चॉकलेट नेऊन दिलं. मामा दुसरं काय करणार?

भावजी मात्र पेटले. कुठून कुठून वाचलं, ऐकलं, आणि ते वेळापत्रक. अमुक वेळेला श्वास, तमुक वेळेला मन रिकामं करणे, मग हसणे. हसणे, तुम्हाला सांगतो, चौकट आखून! आणि रात्री जेवायला बसलं की परीक्षा, 'बिट्टी, आज मन किती शांत? दहापैकी सांग.' पहिल्या दिवशी पोरगी खरं बोलली, 'दोन.' भावजींनी ताट बाजूला सारलं आणि उठून गॅलरीत गेले. पुढच्या आठवड्यात 'सहा' आलं. मग 'आठ'. मला फोन, 'अरे, पोरगी सुधारली. मी म्हणत नव्हतो, यात घाबरण्यासारखं काय आहे?'

आणि एका दुपारी शाळेतून फोन. शिकणाऱ्याला तिथेच रस्त्यात उतरवलं आणि भावजी पोचले. खेळाच्या सामानाच्या खोलीच्या दारात सर उभे. 'गणिताचा पेपर वाटायला घेतला, ही उठून पळाली. या वयात नाटकं असतात हो.' भावजी आत गेले. उड्या मारायच्या गाद्यांच्या मागे बिट्टी, गुडघे पोटाशी, ओठ पांढरे, श्वास नुसता वरच्या वर, बोटं वाकडी होऊन आखडलेली. म्हणाली, 'बाबा, मी मरतेय.'

ते वाक्य भावजींच्या ओठांवर आलं होतं म्हणे. यात घाब... पण पुढे जाईना. कारण घाबरले तेच होते. बसले तिथेच, धुळीत, तिच्या शेजारी. 'मलाही भीती वाटतेय गं,' म्हणाले. बस. तिची आखडलेली बोटं हातात घेऊन बसून राहिले. सर दारातून घड्याळ बघून निघून गेले. बऱ्याच वेळाने तिचा श्वास खाली आला, आणि ती म्हणाली, 'बाबा, आठ खोटं होतं.'

'मग खरं किती?'

'कधी एक. कधी तेही नाही. पण तुम्ही जेवत नाही ना मग.'

गाडी चालवता चालवता हे मला सांगताना भावजींनी माझ्याकडे बघितलं नाही. समोर रस्ता रिकामा होता, तरी रस्त्याकडेच बघत होते.

आता तिघं समुपदेशक बाईंकडे जातात. मला वाटलं, बाई काहीतरी जालीम उपाय देतील. कसलं काय... बाई म्हणाल्या, 'वेळ लागेल.' ताई म्हणाली, 'किती?' 'ते सांगता येत नाही.' 'मग आम्ही घरात करायचं काय?' 'विचारणं कमी करा. ती बोलली तर मध्ये तोडू नका. आणि पेपर, वर्ग यांचं काय जमेल ते आपण शाळेशी मिळून बघू.' घ्या! एवढ्यासाठी ताईने रजा टाकली होती.

भावजी रोज सकाळी पोरीला फाटकापर्यंत सोडतात. कधी आत जाते. कधी दप्तराचा पट्टा धरून गाडीतच बसून राहते आणि म्हणते, 'बाबा, आज नाही जमत.' भावजी म्हणतात, 'बरं.' एवढंच. ते 'बरं' म्हणताना त्यांच्या मानेची शीर कशी फुगते, ते मी मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसून बघितलंय. तिला दिसू नये म्हणून आरशात बघायचंही टाळतात.

परवा क्लासवर गेलो, तर भावजी स्टुलावर चढलेले, हातात रंगाचा ब्रश. दारावरच्या पाटीवर इतकी वर्षं लिहिलेलं, 'महिन्यात गाडी शिकवू, हमखास.' आधी 'महिन्यात' पुसलं. मग 'हमखास'ही पुसलं. उरलं काय, तर 'गाडी शिकवू.' ताई चिडलीये, गिऱ्हाईक समोरच्या क्लासकडे वळतंय. मी म्हटलं, 'भावजी, धंदा बसेल अशानं.'

ब्रश न थांबवता म्हणाले, 'बसू दे. माझ्या वाटणीचं खोटं बोलून झालंय.'