एकट्याची खोली

— काकांमुळे. दुसऱ्या कुणामुळे नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी दादाला नावं ठेवतोय असं तुला वाटायला नको. बस ना, तिथेच कॉटवर बस, चादर चुरगळली तर चुरगळली, इस्त्री मीच केलीय आणि परत मीच करणार. दादा बिस्किटं आणायला गेलाय, तुझ्यासाठीच. तू अर्धा तास आधी आलास ना. बाकीचे काकांबरोबर येतात आणि काका बहुतेक सांगितल्या वेळेला येतात, त्यामुळे मी आजवर कुणाला दिसलेलो नाही. मी? मी धाकटा. या खोलीत मी राहत नाही, असं थोड्या वेळानं तुला सांगतील.

नेमणुकीचं पत्र मिळालं ना? पगाराचा आकडा बघून तोंड उतरलं असेल, सगळ्यांचंच उतरतं. मग काका खुर्चीत मागे रेलले असतील — घाई करू नका, रविवारी माझ्या पुतण्याची खोली बघून जा, पदवीधर आहे, तुमच्याच वयाचा, एकटा जीव, ह्याच पगारात राहतो, आणि कसा राहतो? आरामात. म्हणाले ना? गेली तीन वर्षं हेच म्हणतायत. आम्ही दोघं घरात त्यांना 'आरामात'च म्हणतो. आरामात आले, आरामात गेले. स्वतः चार खोल्यांत राहतात, त्यातली एक पाहुण्यांसाठी म्हणून कुलूप लावून ठेवलेली. आम्ही दोघं भाऊ बॅगा घेऊन त्यांच्या दारात उभे राहिलो, तेव्हाही ते कुलूप निघालं नाही — पाहुणे वेगळे आणि पुतणे वेगळे, काय? जाऊ दे.

तर आता काय होईल ते सांगतो. काका आत आले की आधी खिडकी उघडतील. उजेड बघा म्हणतील. मग दादाचे शर्ट दाखवतील, खिळ्याला ओळीनं लावलेत ते — मुलगा स्वतःला कसा ठेवतो बघा. ते मी ठेवतो. मी लाँड्रीत इस्त्रीला असतो. मग तो छोटा फ्रिज उघडतील. अंडी, दूध, लोणी. फ्रिज लाँड्रीच्या मालकानं भंगारात काढला होता, मी तीन जिने पाठीवर आणला आणि दोन रविवार घालवून चालू केला. मग पुस्तकं. त्यातली चार तर काकांनीच आणून ठेवलीत, एकाचंही पान फाडलेलं नाही — म्हणजे जोडलेली पानं असतात ना, ती सुटी केलेली नाहीत. आणि निम्मं भाडं मी देतो, ते काही दाखवण्यासारखं नसतं. गरजा कमी ठेवल्या की पगार आपोआप पुरतो, असं ते चहाचा घोट घेऊन म्हणतील. घोट घेताना जो आवाज करतात ना — ऐकशीलच. मी तो दारामागून इतक्यांदा ऐकलाय की मला चहाच जात नाही हल्ली.

हो, दारामागून. बाथरूममध्ये. कुठे जाणार? जिन्यात बसलो तर शेजारी विचारतात. माझी गादी गुंडाळून कॉटखाली, पुढे बॅग लावायची, एक टूथब्रश कपात आणि दुसरा माझ्या खिशात, चपला हातात, आणि मी उलट्या बादलीवर. कल्पना काकांचीच. दोघं राहतात म्हटलं तर सगळी गंमत जाते रे, म्हणाले, पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे. एकदा मी म्हटलं, काका, मी फिरून येतो ना बाहेर. तर म्हणे, नको, मध्येच परत आलास म्हणजे? मोठी माणसं दूरचा विचार करतात.

दादाला वाटतं का असं वागावं? नाही वाटत. वाईट नाहीये तो. दोन वर्षांमागं त्यानं पगारवाढ मागितली होती, चांगला अर्ज लिहून दिला होता, मीच वाचून बघितला होता. काका त्याला म्हणाले, तुझं तर आरामात चाललंय, मी स्वतः लोकांना दाखवतो, आता मी साहेबांना काय तोंडानं सांगू? झालं. आपल्याच खोलीनं त्याला पाडलं. त्या दिवसापासून तो ह्या चादरीकडे बघत नाही. मी घालतो.

नाही, तेवढ्यानं मी चिडलेलो नाही. मागच्या वर्षी एकदा ऑफिसला सुट्टी होती आणि कॉलेजला नव्हती. माझा शेवटचा पेपर होता, शेवटच्या वर्षाचा शेवटचा. अकराला. मी अंघोळ करून, हॉल तिकीट खिशात घालून तयार, आणि दहाला जिन्यात काकांचा आवाज. न सांगता आले. दोघांना घेऊन. मी गेलो आत. म्हटलं, पंधरा मिनिटं. काकांनी आपली तरुणपणाची गोष्ट काढली, एका खोलीत नऊजण कसे राहायचे ती, ती नेहमीचीच, पण त्या दिवशी नऊच्या नऊजणांची वेगवेगळी सांगितली. कोण घोरायचा, कोण कुणाचा साबण वापरायचा. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. आत फिनेलचा वास, जाळीत केस अडकलेले, ते कुणाचे याचा विचार करत बसलो मी. आलेल्यांपैकी एकाला हात धुवायचे होते, त्यानं दार ओढलं. काका बाहेरून म्हणाले, अहो, नळाचं काम चाललंय तिथे. आणि लोक हसले. अर्ध्या तासापर्यंत उशीर चालतो, त्यानंतर आत घेत नाहीत. सव्वाअकराला मी ऐकलं, दादा म्हणत होता — अजून एक कप घ्या ना काका.

काकांना पेपरचं ठाऊक नव्हतं. दादाला होतं. त्यानंच सकाळी माझ्या पेनात शाई भरून दिली होती.

असा बघू नकोस. हो, कडी आतूनच असते. मीच लावलेली. काढता आली असती, माहीत आहे मला, हे सांगणारा तू पहिला नाहीस, रोज सकाळी दात घासताना ती कडी समोरच असते. पण मी बाहेर आलो असतो तर आधी काकांचं तोंड दिसलं नसतं मला. दादाचं दिसलं असतं. पुढच्या वर्षी पेपर देता आला असता, तेही खरं. फॉर्म आणला होता. त्या कॉटवर बसून भरायला घेतला आणि किळस आली. फॉर्मची नाही, सगळ्याचीच.

सही केलीस का पत्रावर? नाही ना? मी काही सांगत नाही. तुझं तू बघ. फक्त फ्रिज, शर्ट आणि निम्मी खोली वजा करून बघ —

थांब. आले. दुसऱ्या मजल्यावर उभं राहून दम खातायत, ऐक. दादा पण आहे बरोबर. ती बॅग जरा पायानं आत सरकव, गादी दिसतेय. माझा ब्रश दे, त्या कपातला निळा. तू मला बघितलं नाहीस. खोली कशी वाटली विचारतील, काय सांगायचं ते सांग, पण गोष्ट लांबू देऊ नकोस, आणि हात धुवायला येऊ नकोस.

माझी पदवी गेली —